धाकटीच्या हाताखाली

ओके-इगी गावात मोरेनिकेचा आवाज ओळखू न येणारा माणूस नव्हता. ती अंगणात कसावा सोलायला बसली आणि एखाद्या शेळीने सालींना तोंड लावलं, की ती शेळी कुणाची, तिचा मालक कसा आळशी आणि त्याची आई तरी कुठे कामाची होती, हे सगळं वरच्या आळीपर्यंत ऐकू जायचं. लोक हसायचे. पण कुणाची सून रुसून माहेरी गेली, बाजारात कुणाची जागा कुणी बळकावली, की बायका तिचंच दार ठोठावायच्या. गावच्या राजांच्या अंगणात बायकांच्या वतीने बोलायचं तर ती. चर्चमधल्या बायकांच्या मंडळात पुढे ती. पन्नाशी उलटली तरी पाठ ताठ, आणि डोक्याचा रुमाल असा उंच बांधायची की मागच्या बाकावरच्या बाईला पाद्री दिसू नये.

तिच्यासमोर एकच नाव काढायचं नाही असा गावात अलिखित नियम होता. दोर्कास.

मोरेनिकेचा नवरा जोसाया लॉरी चालवायचा. काब्बाहून यामचे कंद आणि कोलाची फळं भरून इलोरिनला न्यायचा, येताना मीठ, कापड, पत्रे आणायचा. लग्नाला आठ वर्षं झाली, कोलादे आणि धाकटी रोंके अशी दोन पोरं पदरात होती, तेव्हा एका कोरड्या थंडीच्या सकाळी लॉरी गावाच्या चव्हाट्यावर थांबली आणि तिच्यातून जोसायाच्या मागोमाग एक सावळी, उंच पोर उतरली. यागबा लोकांतली. हातात एक पत्र्याची पेटी, आणि तोंडावर हसू. जोसायाने अंगणात येऊन घसा खाकरला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "मोरेनिके, ही तुझी धाकटी."

त्या दिवसापासून मोरेनिके इयाले झाली, म्हणजे घरातली थोरली बायको. मान वाढला म्हणतात तो असा. चूल वेगळी झाली, दोन खोल्यांमध्ये मातीची भिंत उभी राहिली, आणि संध्याकाळी जोसायाचा खाकरण्याचा आवाज भिंतीच्या कुठल्या बाजूने येतो याकडे तिचे कान लागू लागले.

दोर्कासने तिला कधी उलट शब्द बोलला नाही. तेच तर सलायचं. तिची यागबा बोली ओके-इगीच्या इजुमु लोकांच्या कानाला गमतीची वाटायची. ती भांडं मागायची तर पोरं भलतंच काही आणून द्यायची आणि हसून लोळायची. मोरेनिकेने तिच्या बोलण्याची नक्कल करायचा सपाटाच लावला होता. विहिरीवर, बाजारात, चार बायका जमल्या की करून दाखवायची. एकदा दोर्कासने मागे उभं राहून ती नक्कल पुरी ऐकली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. "इयाले, अगदी माझ्या आत्यासारखं बोललात," म्हणाली. बायका आणखी हसल्या, पण आता त्या दोर्कासबरोबर हसत होत्या. मोरेनिके रिकामी घागर घेऊनच घरी आली.

पुढे लोकोजाच्या उतारावर लॉरी उलटून जोसाया गेला. शोकाचं वर्ष सरलं आणि दोर्कास आपल्या लहान मुलीला, फेयीला, घेऊन ओदो-अगबाला, आपल्या माहेरच्या गावी निघून गेली. मोरेनिकेने भिंत पाडून दोन खोल्यांची एक खोली केली. वीसेक वर्षं गेली. कधी काब्बाच्या बाजारात लांबून तो उंच बांधा दिसायचा, मग मोरेनिके दुसऱ्या गल्लीने वळायची.

आता संघाची गोष्ट.

टेकडीच्या पायथ्याची ती सगळी गावं ओकुन लोकांची. पण इजुमु वेगळे, यागबा वेगळे, बुनू वेगळे, काब्बाचे ओवे तर स्वतःला सगळ्यांहून वेगळे समजायचे. एकाच म्हाताऱ्या आईची लेकरं असल्यासारखी बोलायची आणि तशीच भांडायची. प्रत्येक गावाला आपला दवाखाना हवा होता. निवडणूक आली की कुणीतरी पुढारी यायचा, पायाचा दगड बसवायचा, टाळ्या घ्यायचा. परिणाम असा की प्रत्येक गावाबाहेर चार भिंती उभ्या होत्या आणि एकावरही छप्पर नव्हतं. ओके-इगीच्या भिंतींत पपईची झाडं वाढली होती. ओदो-अगबाच्या भिंतींत शेळ्या बांधत.

मग एका पावसाळ्यात बुनूकडच्या वेरोनिकाची सून बाळंतपणासाठी मोटरसायकलवर काब्बाला नेता नेता वाटेतच गेली. मूलही गेलं. तिच्या अंत्यविधीला साऱ्या गावांचे लोक आले, आणि तिथेच ओबाजेमू मास्तर, जे शाळेतून निवृत्त होऊन कोंबड्या पाळत होते, उभे राहून म्हणाले की आपण एकमेकांना भेटलो की काय म्हणतो? 'ओकुन' म्हणतो. यागबा म्हणतो, बुनूही म्हणतो, हा शेजारचा ओवेही म्हणतो. बाकीच्या शब्दांवर आपण एकमेकांना हसतो, या एकावर कुणी हसत नाही. या एका शब्दावर आपल्याला लोक ओळखतात. मग एका छपरापुरतं तरी आपल्याला एकत्र येता येणार नाही का?

रडणाऱ्या लोकांना नाही म्हणता येत नाही. टेकडीखालच्या ओकुन गावांचा संघ असा उभा राहिला. पुरुषांनी आपली समिती केली आणि ती पहिल्याच बैठकीत खुर्च्यांवरून भांडली. म्हणून बायकांच्या समितीची बैठक दुसऱ्या दिवशी बोलावली गेली, काब्बाच्या एका शाळेच्या वर्गात.

मोरेनिके नवं निळं कापड नेसून गेली. बरोबर तिची शेजारीण बिंपे होती. वाटेत बिंपे म्हणाली, "तुझ्यापुढे कोण उभी राहणार? कुणाचा घसा आहे तेवढा?" मोरेनिकेने रुमाल आणखी एकदा उंच करून बांधला.

वर्गात शिरताच तिला ओदो-अगबाच्या बायकांत दोर्कास बसलेली दिसली. केस पांढरे झाले होते, बाकी काही बदललं नव्हतं. ती ताडकन उठली आणि भर वर्गात, साऱ्या गावांच्या बायकांसमोर, दोन्ही गुडघे टेकून म्हणाली, "ओकुन, इयाले."

वर्गात कुजबुज झाली. बिचारीने किती मान दिला, असं लोकांना वाटलं. मोरेनिकेला वाटलं, आल्या आल्या हिने बाजी मारली. गुडघे टेकून उंच व्हायची विद्या हिच्याकडूनच शिकावी.

दवाखाना कुठे बांधायचा यावरून सकाळ गेली. प्रत्येक गावाला तो आपल्याकडे हवा. मोरेनिकेनेही ओके-इगीसाठी आवाज लावला आणि त्यावर यागबाच्या बायकांनी तिच्यापेक्षा वरचा लावला. शेवटी दोर्कास उठली. म्हणाली, "माझं गाव टोकाला आहे. आमच्याकडे बांधला तर बुनूच्या बाईला काब्बा जवळ पडेल आणि मग तो बांधून काय उपयोग? सगळे रस्ते एकत्र येतात ते ओके-इगीच्या चव्हाट्यावर. जिथे लॉरी थांबायची, तिथे. तिथेच बांधूया. आमच्या गावच्या बायका वाळू वाहायला येतील."

स्वतःच्या गावासाठी न मागणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली होती. वेरोनिकाचे डोळे भरून आले. तिनेच समितीच्या पुढारीपणासाठी दोर्कासचं नाव सुचवलं, आणि हात वर झाले. बिंपेचाही झाला. मोरेनिकेने पाहिलं तेव्हा बिंपेने तो केस सारखे करण्यासाठी वर केल्यासारखं केलं.

"तुझ्याच गावात येतोय ना दवाखाना," परतताना बिंपे चाचरत म्हणाली. "तुला तर आनंद व्हायला हवा."

मोरेनिकेच्या अंगाचा तिळपापड झाला होता. दवाखाना ओके-इगीत येत होता, पण तो दोर्कासच्या पदरातून पडत होता. आणि 'जिथे लॉरी थांबायची' हे तिने सांगायचं? त्या चव्हाट्यावर ती पहिल्यांदा उतरली होती ते हिला आठवतं, आणि आठवतं हे चारचौघांत सांगतेही. जणू जोसाया अजून तिचाच होता आणि त्याची लॉरीही.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करावा तसं तिने केलं. गावात आली आणि दुसऱ्याच दिवसापासून चुलीचुलीपाशी बसून काड्या टाकू लागली. यागबाच्या बायका फुकट वाळू वाहायला का येतील? त्यांच्या पोटात काय आहे ते पुढे कळेल. आज दवाखाना, उद्या म्हणतील जमीन आमची, परवा म्हणतील आमचा राजा बसवा. आपल्या मुली तिथे गेल्या तर त्यांची परिचारिका आधी आपल्या माणसांना बघेल, आपल्या पोरींना बाकावर ताटकळत ठेवेल. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. राजांनी जमीन दिली होती, ती काही मागे घेता येत नव्हती. पण बायका कामाला जाणार नाहीत असं तिने ठरवलं, आणि तिच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या कामाच्या शनिवारी चव्हाट्यावर माणसांचा लोंढा आला. यागबाकडून, बुनूकडून, काब्बाहून. कुणी चालत, कुणी मालट्रकात उभं राहून. डोक्यावर घमेली, पाठीला बांधलेली पोरं, आणि चालता चालता गाणं. ओके-इगीचे पुरुष कुदळी घेऊन गेले. बायका मात्र दारं लोटून घरात बसल्या. मोरेनिके खिडकीच्या फटीतून पाहत होती. ओढ्यापासून चव्हाट्यापर्यंत बायकांची रांग लागली होती आणि रांगेच्या पुढे दोर्कास होती, डोक्यावर ओल्या वाळूचं घमेलं, मान न हलवता. या वयात. पडली म्हणजे बरं, असं मोरेनिकेच्या मनात आलं, आणि ती पडली नाही याचा तिला राग आला.

ऊन चढल्यावर दारावर टकटक झाली.

"ओकुन, इयाले."

"ओकुन," मोरेनिके दारातच उभी राहून म्हणाली. आत ये म्हटलं नाही.

दोर्कासच्या कपाळावरून वाळूचं पाणी ओघळत होतं. तिने ते मनगटाने पुसलं. "तुमच्या गावच्या बायका शेतावर गेल्या असतील," ती म्हणाली. "काजूचे दिवस आहेत, समजू शकते. आम्ही याम बरोबर आणलेत, भाजीचं सामानही आणलंय. शिजवायची सोय झाली. फक्त शिजलेले याम कुटून गोळा करायला उखळ नाही. तुमचं मोठं उखळ दिलंत तर आम्हीच कुटू आणि सगळ्यांना वाढू. धुऊन परत आणून देऊ."

मोरेनिकेने तिच्या पाठीमागे चव्हाट्यावरच्या गर्दीकडे पाहिलं. पाहुण्यांनी आपलं अन्न स्वतः आणावं? ओके-इगीत? आणि त्या उखळाची ती इतकी वर्षं मालकीण होती. लग्नात तिच्या बापाने दिलेलं, तीन बायकांनी एकत्र मुसळं मारावीत असं रुंद. तिच्या डोळ्यांपुढे संध्याकाळ उभी राहिली. माणसं आपापल्या गावी परत जातील आणि सांगतील की ओके-इगीत आम्हाला दोर्कासने जेवू घातलं. उखळ माझं, मुसळं माझी, आणि नाव हिचं!

"ठेव तुझे याम तिथेच," ती म्हणाली. "पाहुण्याने आणलेलं अन्न आमच्या गावात शिजत नाही."

"पण इयाले, माणसं फार आहेत..."

"मोजायला सांगितलंय का तुला? जा, तुझी वाळू वाहा. तुझं काम तू कर."

दोर्कास गेली. मोरेनिकेने अंगणात उभं राहून असा आवाज दिला की बिंपे अर्धा चेहरा धुतलेली बाहेर आली.

"याम काढा. प्रत्येक घरातून. पाम तेल, एगुसीच्या बिया, सुके मासे, जे असेल ते. आणि पोरींना ओढ्यावर पाठवा."

"तूच म्हणाली होतीस ना, जायचं नाही?" बिंपे म्हणाली.

"म्हणाले असेन. आता चला म्हणतेय."

त्या दुपारी ओके-इगीच्या चव्हाट्यावर जेवढा याम कुटला गेला तेवढा कुठल्या राजाच्या लग्नातही कुटला गेला नसेल. मोरेनिके स्वतः वाढत होती. बुनूच्या बायकांना दोनदा, ओवेंच्या बायकांना दोनदा, आणि दोर्कासच्या पानात एवढा मोठा गोळा टाकला की तो संपवणं शक्य नव्हतं. दोर्कासने तो संपवला. वर, "इयालेच्या हातची चव वीस वर्षांनी मिळाली," असंही म्हणाली. बायकांनी आ आ करून दाद दिली. मोरेनिकेला वाटलं, माझ्या जेवणाचं श्रेयही हिने तोंडात टाकलं.

पण एकदा सुरू झालं ते थांबलं नाही. पुढच्या शनिवारी ओके-इगीच्या बायका पाहुण्यांच्या आधी ओढ्यावर होत्या. यागबाच्या बायका किती वाहतात ते मोरेनिके बघायची आणि आपल्या बायकांच्या मागे लागायची. "ती बघा दोर्कासची लेक, गरोदर आहे तरी वाहते. आणि तुम्ही? कंबर दुखते म्हणे." हे ऐकून फेयीला तिच्या आईनेच घमेलं काढून घेऊन सावलीत बसवलं, पण ओके-इगीच्या पोरी पेटल्या. यागबाच्या बायकांना ते खपेना, त्यांनी चाल वाढवली. ओवेंच्या बायका, ज्यांना अशा कामाची सवय नव्हती, त्याही लाजेकाजेस्तव पळू लागल्या. ओबाजेमू मास्तर लोकांना सांगायचे की ऐक्याची ताकद बघा. बिंपे बाजूला तोंड करून हसायची.

छपराची वेळ आली तेव्हा दोर्कासने बैठकीत विषय काढला की प्रत्येक गावाच्या अर्धवट दवाखान्यात जे काही सामान पडून आहे ते या एका कामाला द्यावं. एकही हात वर झाला नाही. आपल्या भिंती मोडायच्या म्हणजे आपला दवाखाना कधीच होणार नाही हे कबूल करायचं. दोर्कास आपल्या गावाचं नाव घेणार एवढ्यात मोरेनिके उठली आणि म्हणाली की ओके-इगीच्या दारांच्या चौकटी आणि राजांच्या कोठीतले पत्रे उद्या सकाळी चव्हाट्यावर येतील. तिने राजांना विचारलंही नव्हतं. संध्याकाळी राजांच्या पायाशी बसून तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण पहिलं नाव ओके-इगीचं लागलं होतं, मग बाकीच्यांना मागे राहता येईना. वेरोनिकाच्या गावाने खिडक्या दिल्या. त्या देताना वेरोनिका रडली, कारण त्या तिच्या सुनेच्या हयातीत आणलेल्या होत्या.

दुसऱ्या वर्षीच्या यामाच्या हंगामात दवाखाना उघडला. पांढरा रंग, हिरवी दारं, दोन परिचारिका. भाषण दोर्कासचं झालं. ती म्हणाली, या कामात आम्ही एक दिवसही उपाशी राहिलो नाही ते माझ्या इयालेमुळे. सगळा मांडव मोरेनिकेकडे वळून टाळ्या वाजवू लागला. मोरेनिके उठून उभी राहिली, हात हलवला, हसली, आणि आतून जळत राहिली. आपल्या वाट्याचं कौतुकसुद्धा दुसऱ्याच्या ओंजळीतून प्यायचं.

संघाचा नियम असा होता की पुढारीपण गावागावांत फिरायचं. दोर्कासची मुदत संपली आणि पाळी ओके-इगीची आली. एकमताने मोरेनिकेची निवड झाली. त्या दिवशी तिने घरी येऊन शेजाऱ्यांना कोंबडी कापून वाढली.

पण ज्याच्यासाठी आयुष्यभर तोंडाला पाणी सुटलेलं असतं त्या फळाची चव कधी कधी निराळीच लागते. दोर्कास मागच्या बाकावर बसू लागली आणि काही बोलेनाशी झाली. तिच्या चेहऱ्यावर जळफळाट दिसावा म्हणून मोरेनिके प्रत्येक बैठकीत तिच्याकडे बघायची. दोर्कास आपली शांत, शेजारणीच्या नातवाला खेळवत बसलेली. पुढचं काम कुठलं यावरून वाद पेटला. बुनूच्या गावाला कूपनलिका हवी होती, यागबाला पावसाळ्यात फुगणाऱ्या ओढ्यावर पूल. मोरेनिकेने टेबलावर हात आपटून सांगितलं की मी सांगेन ते होईल. वेरोनिका उठून निघून गेली, आणि दवाखाना झाडायला येणाऱ्या बुनूच्या बायका यायच्या बंद झाल्या. मग जो तो मोरेनिकेला एकच प्रश्न विचारू लागला. दोर्कासना विचारलंत का?

हा प्रश्न राजांनीही विचारला, तेव्हा तिने मोटरसायकलवाल्याला बोलावलं आणि थेट ओदो-अगबा गाठलं. विचारायला नाही, भांडायला.

दोर्कास अंगणात चटईवर एगुसीच्या बिया सोलत होती. मोरेनिकेला बघून गुडघे टेकायला उठू लागली.

"पुरे तुझे गुडघे," मोरेनिके म्हणाली. "कुणाला दाखवतेस? इथे कोण बघतंय? वेरोनिकाचे कान तूच भरलेस ना? मागे बसून दोरी ओढायची आणि पुढे मी तोंडघशी पडायचं. जोसायाच्या घरातही तेच केलंस. मी ओरडायचं, तू हसायचं, आणि चांगली कोण? तू."

दोर्कासच्या हातातली बी तशीच राहिली. मग तिने टोपली बाजूला सारली, आणि मोरेनिकेने कधी न ऐकलेल्या आवाजात बोलू लागली.

"हसायचं नाही तर काय करायचं? सांगा ना. तुम्ही अंगणात ओरडायचात ते स्वतःच्या घरात असल्यासारखं ओरडायचात. मला ओरडता येत होतं का? परक्या गावची, परक्या बोलीची, एका मुलीची आई. मी एकदा जरी आवाज चढवला असता तर तुमच्या साऱ्या गावाने माझी पेटी रस्त्यावर टाकली असती. तुमची नक्कल कुणी केली असती तर तुम्ही त्याचं तोंड फोडलं असतं. माझी केलीत तेव्हा मी हसले, आणि मग खोलीत जाऊन तोंडात कापड कोंबून रडले. मी तुमचा इतका हेवा केलाय, इयाले, की माझं पोट जळायचं. तुमच्या त्या आवाजाचा. तो माणूस माझ्या खोलीत बसायचा आणि भिंतीपलीकडे तुम्ही भांडी आपटलीत की त्याचे कान टवकारायचे. 'मोरेनिके चिडलीय' म्हणायचा, आणि हसायचा. माझ्यावर कधी कुणी असं हसलं नाही, कारण मी कधी चिडलेच नाही. अजूनही मी बैठकीत चिडत नाही. लोकांना वाटतं शहाणी आहे. भीती असते हो ती, भीती!"

एवढं बोलून ती धापा टाकू लागली. तिची लेक फेयी बाळाला कडेवर घेऊन दारात आली, दोघींकडे पाहिलं, आणि आत निघून गेली.

मोरेनिके चटईच्या कडेला बसली. तिला वाईट वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं. आणि वाटलंही थोडं. तोंडात कापड कोंबल्याचं ऐकून आत काहीतरी टोचलं. पण त्याहून मोठं काहीतरी तिच्या छातीत उमलत होतं, आणि ते तिला आवरेना. हिने माझा हेवा केला. इतकी वर्षं. भिंतीच्या त्या बाजूला बसून, तो माणूस जवळ असताना, ही माझ्यावर जळत होती. आणि तो कान टवकारत होता.

"खरंच म्हणायचा?" तिने विचारलं. "मोरेनिके चिडलीय, असं?"

"रोज," दोर्कास चिडूनच म्हणाली. "ऐकून ऐकून कंटाळा आला होता मला."

मोरेनिकेने टोपली जवळ ओढली आणि बिया सोलायला लागली. टोपलीतला ढीग अर्धा झाला. मग मोरेनिके म्हणाली, "वेरोनिकाचं काय करायचं ते सांग. आणि गोड बोलू नकोस."

"चूक तुमची आहे," दोर्कास म्हणाली. "जिची सून गेली तिच्यासमोर टेबल आपटतात का? तिच्या घरी जा."

"तू येशील बरोबर?"

"मी का येऊ? आपटलंत तुम्ही."

मोरेनिके एकटीच गेली. वेरोनिकाने तिला अर्धा दिवस अंगणात बसवून ठेवलं, मग पाणी दिलं. कूपनलिका आधी बुनूच्या गावात खोदायची आणि पूल त्यानंतर, असं पुढच्या बैठकीत ठरलं. पण ते ठरण्याआधी दोर्कास मागच्या बाकावरून उठली आणि ओरडली की आमची पोरं पावसाळ्यात ओढ्यातून पोहत शाळेत जातात ते इथे कुणाला दिसतं का? मोरेनिके पुढून ओरडली की दिसतं, पण प्यायला पाणी नसेल तर पोहायला माणूस जिवंत राहत नाही. दोर्कास म्हणाली, तुमचं सगळं आधी ओके-इगी आणि मग जग. मोरेनिके म्हणाली, कूपनलिका कुठे ओके-इगीत खोदतेय मी, कान आहेत का तुझे जागेवर? बायका चकित होऊन एकदा पुढे, एकदा मागे बघत राहिल्या. ओबाजेमू मास्तर खिडकीतून डोकावले आणि संघ फुटला असं समजून घाबरून आत आले. वेरोनिकाने त्यांना हाताने बसा म्हणून खुणावलं.

पुलाचं काम पुढच्या कोरड्या दिवसांत सुरू झालं. तोपर्यंत मोरेनिकेची मुदत संपली होती आणि पुढारीपण ओवेंच्या एका बाईकडे गेलं होतं. ती बाई फार गोड बोलायची. मोरेनिके आणि दोर्कास, दोघींनाही ती मुळीच आवडली नाही. कामाच्या शनिवारी दोघी ओदो-अगबाच्या ओढ्याकाठी दगड वाहता वाहता तिच्याविषयी काय काय बोलायच्या ते बिंपेने कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, पण ती जवळ गेली की त्या गप्प व्हायच्या.

त्या दिवशी ओदो-अगबाच्या अंगणात दोर्कास काय बोलली ते मोरेनिकेने बिंपेला कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. जिच्या तोंडात तीळ भिजत नसे तिने एवढी गोष्ट पोटात ठेवली. रात्री कधी भांडी आवरताना एखादं पातेलं हातातून निसटून आपटलं, की ती क्षणभर थांबायची, एकटीच हसायची, आणि मग दुसरंही एक भांडं मुद्दाम आपटायची.